ऑइल कूलर गळतोय: नुसतं गॅस्केट, नवा कूलर की गाडीच विकायची?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. गाडी नऊ वर्षांची, डिझेल, मॅन्युअल गिअरची. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत तेल दिसतंय आणि मेकॅनिकने ऑइल कूलर, म्हणजे कूलंटच्या मदतीने इंजिनचं तेल थंड करणारा भाग, गेल्याचं सांगितलंय. त्याने दोन पर्याय दिलेत: फक्त गॅस्केट (जोडातून गळू नये म्हणून बसवलेली पट्टी) बदलणं किंवा कूलरही नवा टाकणं. यजमानांचं म्हणणं, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, गाडी विकून मोकळं व्हावं. पैसे कुठून काढायचे हाही तुमचा प्रश्न आहे.

गाडीची चांगल्या स्थितीतली आजची किंमत 100 धरून तुमचे आकडे मांडते. फक्त गॅस्केटचं काम 5, नव्या कूलरसकट काम 8, आहे त्या अवस्थेत विकली तर हातात 70 आणि पुढे इंजिनचं काम निघालं तर त्याचा खर्च 45.

विकण्याचा विचार इथेच बाजूला पडतो. 8 खर्च करून 100 ची गाडी राहते, तर न दुरुस्त करता विकताना 30 सोडावे लागतात. शिवाय दुसरी गाडी घ्यायची म्हणजे नवं कर्ज आणि नवा विमा आलाच. गेल्या वर्षी क्लच आणि टायरवर केलेला खर्च तुम्ही हिशेबात धरलाय, तो मात्र काढून टाका. गाडी ठेवली काय, विकली काय, ते पैसे परत येत नाहीत. आजचा निर्णय आजच्या 100, 70 आणि 8 वरच घ्यायचा.

आता गॅस्केट की कूलर. यजमानांची म्हण खरी लागू पडते ती इथे. गॅस्केट चार आण्याचं, पण तिथवर पोचायची मजुरी बारा आण्याची. काही इंजिनांत कूलर इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली दडलेला असतो, निम्मं इंजिन उघडल्याशिवाय हात पोचत नाही. तुमच्या 5 मध्ये साडेतीन मजुरीच आहे. नुसतं गॅस्केट टाकलं आणि दोष कूलरच्या आत निघाला, तर पुन्हा पूर्ण 8 द्यावे लागतील, एकूण 13. आधी गॅस्केट करून पाहणं तेव्हाच स्वस्त, जेव्हा ते फसण्याची शक्यता आठात तीनपेक्षा कमी असेल. तेल नुसतं बाहेर ठिबकत असतं, तर मी गॅस्केटच म्हटलं असतं, कारण उष्णतेने रबर कडक होऊन गळणं हा नेहमीचा प्रकार. तुमच्याकडे तेल कूलंटमध्ये उतरलंय, म्हणजे कूलरमध्ये तेल आणि कूलंट वेगळं ठेवणाऱ्या आतल्या पातळ पत्र्यांना चीर असण्याचा संशय बळकट आहे. या पत्र्यांची जोडणी भट्टीत केलेली असते, आतली चीर कुणी सांधून देत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कूलर आणि सगळी सीलं एकदमच बदला.

तशीच चालवू नका, हे मात्र कळकळीने सांगते. इंजिन चालू असताना तेलाचा दाब साधारण 2 ते 5 बार, कूलंटचा एक-दीड बार. म्हणून आज तेल कूलंटकडे जातंय. इंजिन बंद केलं की तेलाचा दाब शून्यावर येतो, गरम कूलंटचा मात्र काही वेळ टिकतो, आणि त्याच चिरेतून कूलंट तेलात शिरू शकतं. मग बेअरिंगांना (इंजिनचे फिरते भाग ज्यांवर टेकतात त्यांना) वंगण मिळत नाही आणि 45 चं काम दारात उभं राहतं. ती वेळ यायची शक्यता पाच-सहात एक इतकी असली, तरी 8 आत्ताच घालणं परवडतं.

माझ्या स्वतःच्या गाडीत हे झालं होतं. थंड इंजिनावर टाकीचं झाकण उघडलं, तर झाकणाच्या आतल्या बाजूला खाकी रंगाची घट्ट साय. बोटाला चिकटली ती साबणाशिवाय निघेना. त्या गॅरेजने नुसतं गॅस्केट बदललं, कूलर तपासलाच नाही, आणि दीड महिन्यात साय पुन्हा तिथेच. तुमच्यावर तीच पाळी येऊ नये म्हणून एवढं लिहितेय. (झाकण गरम इंजिनावर कधीही उघडू नका.)

मेकॅनिककडून दोन तपासण्या करून घ्या, एक होकार देण्याआधी आणि दुसरी कूलर काढल्यावर. हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागांमधलं) गेलं तरी टाकीत अशीच साय येऊ शकते. टाकीतल्या हवेवर निळ्या द्रावणाची चाचणी होते, जळालेला वायू असेल तर रंग बदलतो. कूलर काढल्यावर एक बाजू बंद करून दुसरीकडून हवा भरायची आणि पाण्यात बुडवायचा. बुडबुडे आले की दोषी सापडला. मात्र थंड असताना बारीक चीर दिसेलच असं नाही, त्यामुळे बुडबुडे नाहीत एवढ्यावर जुना कूलर परत बसवायला हो म्हणू नका. डिपस्टिकही (इंजिनमधलं तेल तपासायची पट्टी) पुसून पाहा. तेल दुधाळ दिसलं, तर काम थांबवून बेअरिंग तपासायला सांगा, कारण मग 8 चा हिशेब राहत नाही आणि विकण्याचा पर्याय पुन्हा मोजावा लागेल.

पैसे अडीअडचणीच्या निधीतून घ्या. पाच महिन्यांचा खर्च त्यात आहे आणि हीच ती अडचण. मुलीच्या शिक्षणाची दरमहा गुंतवणूक थांबवू नका, क्रेडिट कार्डाचे हप्तेही नकोत. विम्यावर भिस्त ठेवू नका, झिजेमुळे झालेला बिघाड साध्या वाहनविम्यात बसत नाही. तीन वर्षांत गाडीवर तुमचे 27 गेलेत, वर्षाला 9. म्हणून काम झालं की दर महिन्याला पाऊण वेगळं काढा. निधी भरून निघेपर्यंत ते तिकडेच टाका, नंतर गाडीच्या नावाने निराळं ठेवा.

कोटेशनमध्ये कूलंट मार्ग धुणं, नवं तेल, ऑइल फिल्टर आणि नवं कूलंट आहे ना, तेवढं लिहून घ्या. रेडिएटर आणि हीटरमध्ये तेल रेंगाळतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यात कूलंट पुन्हा थोडं तेलकट दिसेल. तेव्हा घाबरू नका, दुसऱ्यांदा धुण्यासाठी आणखी 1 बाजूला ठेवा. होजही (कूलंटच्या रबरी नळ्या) दाबून पाहायला सांगा. तेलाने रबर फुगून मऊ झालं असेल, तर तेही याच खेपेत बदला. तोवर गाडी उभीच ठेवा आणि गॅरेजपर्यंत टो करून न्या.