फेमस फाइव्ह, सीक्रेट सेव्हन की फाइव्ह फाइंड-आउटर्स: यात खऱ्या डिटेक्टिव्ह कथा कोणत्या? (मुलगी नऊ वर्षांची आहे.)

फाइव्ह फाइंड-आउटर्स घ्या. तिन्ही पुस्तकमालिका ब्रिटिश बाललेखिका एनिड ब्लायटनच्याच, पण फेमस फाइव्ह म्हणजे मुळात साहस: बेटं, भुयारं, चोरटा माल आणि पोटभर खाणं. चोर कोण हे तिथे लवकरच कळतं. फाइंड-आउटर्समध्ये मात्र मुलं संशयितांची यादी करतात, गुन्ह्याच्या वेळी कोण कुठे होतं ते तपासतात आणि एकेक नाव खोडत जातात. १९४३ ते १९६१ या काळात आलेली ही पंधराही पुस्तकं मी वाचलीत, काही दोनदा. पहिल्या पुस्तकात आठ वर्षांची बेट्स 'क्लू'ला 'ग्लू' म्हणते, तुमच्या मुलीला तीच सर्वांत जवळची वाटेल. युक्त्याही करून बघण्याजोग्या आहेत. कोणी खोलीत कोंडलं आणि किल्ली बाहेरून दाराच्या कुलपातच राहिली असेल, तर दाराखालून वर्तमानपत्र सरकवायचं, तारेने किल्ली ढकलून त्यावर पाडायची आणि कागद आत ओढायचा. (दाराखाली फट हवी, आपल्याकडे उंबरठा आडवा येतो!) सीक्रेट सेव्हन सोपी आहे, सात-आठ वर्षांच्या मुलांना ठीक.

एक मात्र आहे: जाडेपणावरून विनोद आणि परक्या लोकांविषयीचे जुने पूर्वग्रह फाइंड-आउटर्समध्ये आहेत, गावातल्या पोलिसाची टिंगल तर सतत. सुरुवातीची एक-दोन पुस्तकं सोबत बसून वाचा.