ट्यूबवेल 500 फुटांवर नेण्याआधी हे वाचा

भाऊ, यावल तालुक्यातली तुमची 300 फुटांची ट्यूबवेल यंदा एप्रिलमध्येच हवा ओढायला लागली. आता 500 फुटांवर जावं की नाल्याचं पाणी त्याच बोअरमध्ये सोडावं, असं तुम्ही विचारलंय. शेवटचं वाक्य वाचलं आणि पोटात कालवलं. मी नेमकं तेच केलं होतं.

ठिबक, आच्छादन तुम्ही करतच असाल, ते सोडून देतो.

पुनर्भरणासाठी, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्यासाठी, आधी मी एका कार्यालयात गेलो होतो. तिथे छापील नकाशा मिळाला: 3 मीटर खड्डा, खाली दगड, मग खडी, वर वाळू. काळ्या कातळाच्या गावांना जो नकाशा, तोच आम्हा तापीच्या गाळातल्यांना. माझ्याकडे काळ्या मातीखाली 40 फूट नुसती पिवळी चिकणमाती आहे, वाळूचा पहिला थर त्याच्याही खाली. तीन खेपा घालून हेच सांगितलं. ‘मंजूर नकाशात बदल होत नाही’, एवढंच उत्तर. खड्डा झाला, फोटो निघाले, आणि त्यातलं पाणी दिवाळीपर्यंत तसंच उभं राहिलं. थेंब मुरला नाही. त्या कागदामागे गेलेला पावसाळा मला आजही सलतो.

त्या रागात पुढच्या जूनमध्ये मी नाल्याचा पहिला लोंढा 6 इंची पाइपने थेट चालू ट्यूबवेलमध्ये घातला. तोंडाला फक्त मच्छरजाळी. दोन तास बोअर गटागटा पाणी पीत होती, मी घरी पेढे नेले. तिसऱ्या दिवशी पाणी तोंडाशी येऊन थांबलं. ऑक्टोबरमध्ये मोटार लावली तर आधी चहासारखं पाणी, मग बारीक रेती, मग हवा. मोटार वर काढली तेव्हा पाइपवर ओल्या हळदीसारखा लेप होता, बोटाने खरवडावा लागला. तोच गाळ केसिंगच्या (बोअरमध्ये बसवलेल्या पाइपच्या) चिरांत आणि बाहेरच्या वाळूत बसला होता. कॉम्प्रेसरने दोनदा साफ केली, पण निम्मं पाणीही परत आलं नाही. त्या साली कांदेबाग, म्हणजे केळीची पावसाळ्यानंतरची लागवड, अर्धी सोडावी लागली.

म्हणून सांगतो, चालू ट्यूबवेलमध्ये गढूळ पाणी कधीही सोडू नका. पाणी मुरवायला वेगळा शाफ्ट, म्हणजे खोल उभा खड्डा घ्या, तो चिकणमाती ओलांडून कोरड्या वाळूपर्यंत न्या. आधी गाळ बसायला टाकी, मग वाळू-खडीची गाळणी. पहिले दोन-तीन पूर जाऊ द्या. खत-औषधं मारलेल्या शेतातलं पाणी नकोच. मी भूवैज्ञानिक नाही, आणि आपल्याकडे थर दोन शेतांत बदलतात, तेव्हा तुमच्या ड्रिलरकडून कोणत्या फुटाला काय लागलं याची नोंद मागून घ्या. अकोला-बुलढाण्याच्या पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्यांनी (जिथे जमिनीखालचं पाणीच खारं) मात्र माझं ऐकू नये, तिथलं गणित निराळं.

खरी मुरायची जागा आपल्या शेतात नाहीच, ती वर सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तिथल्या गोट्या-वाळूच्या पट्ट्यात नाले डोळ्यांदेखत गडप होतात. सुकी, मोर या नद्यांचं पाणी तिथेच अडवून मुरवावं असं माझं ठाम मत आहे. एकट्याचं काम नाही, वरच्या गावांशी बोलावं लागतं.

आणि 500 फूट? माझं मत नको. एका एकरात पाच बाय पाच फुटांवर केळीची सुमारे 1,740 खोडं. उन्हाळ्यात खोडाला 20 लिटर धरले तर रोज 35,000 लिटर. आपला पाऊस साधारण 700 मिलिमीटर, म्हणजे एकरावर 28 लाख लिटर. पाचवा हिस्सा मुरला तरी साडेपाच लाख. सोळा दिवसांचं पाणी! तुम्ही खोल गेलात की शेजारीही जाईल, थर तोच. मी चार एकर केळी कमी करून तिथे हरभरा घेतो. हे दुखतं, मान्य आहे. बँकेचे हप्ते असतील तर तुमचा निर्णय वेगळा असू शकतो.

एक करा: पंप बंद असताना पहाटे दोरीने पातळी मोजा, दर पंधरा दिवसांनी, आणि आकडा मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर कोळशाने लिहा. माझ्या भिंतीवर नऊ वर्षांचे आकडे आहेत. थरांची नोंद हातात आली की इथे टाका, शाफ्ट किती खोल लागेल ते बघून सांगतो.