फोन उचलता आला पाहिजे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

विमा विकण्यात मन लागत नाही म्हणून विक्री घसरली, की विक्री घसरली म्हणून मन लागेनासं झालं, असं तू विचारलंस. दोन्ही खरं असतं, त्यामुळे त्या कोड्यात फार अडकू नकोस. संशोधकही यात बरीच वर्षं अडकले होते. 1985 च्या एका मोठ्या आढाव्यात समाधान आणि कामगिरी यांचा सहसंबंध जेमतेम 0.17 निघाला (0 म्हणजे नातंच नाही, 1 म्हणजे पूर्ण नातं). 2001 मध्ये टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा तो 0.30 च्या आसपास आला. म्हणजे नातं आहे, पण भरपूर विकणारा खूश असतोच असं नाही. तुझंच बघ ना. मागच्या तिमाहीत तू शाखेत पहिला आलास आणि झोपही त्याच तिमाहीत उडाली.

म्हणून मी विक्रीबद्दल विचारतच नाही. ताण कसला आहे ते सांग.

लोकांचं "नको" ऐकून येणारा ताण असेल, तर तो सोसण्यासारखा आहे. सेलिगमन आणि शुलमन या मानसशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये आयुर्विमा एजंटांवरच अभ्यास प्रसिद्ध केला. जे नकार स्वतःच्या नालायकीवर घेत नाहीत, ते या धंद्यात जास्त टिकले आणि त्यांनी विकलंही जास्त. पण हे ऐकून प्रशिक्षणवाले सरसकट "पॉझिटिव्ह राहा" म्हणत सुटतात, तेव्हा मला संताप येतो. कारण दुसरा ताण तसा जात नाही.

प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे विम्याच्या अर्जात, आजारांचा रकाना येतो. समोरचा म्हणतो, रक्तदाबाची गोळी चालू आहे. तुझं पेन थांबतं. लिहिलं तर तपासणी लागणार, केस या महिन्यात बसणार नाही. तू ते वगळतोस. किंवा हप्ता त्याला झेपणारा नाही हे दिसत असूनही मोठी रक्कम पुढे करतोस. पहिल्या वर्षाचं कमिशन जमा होतं. दुसऱ्या वर्षी हप्ता न भरल्याने पॉलिसी लॅप्स होते, तुझी पर्सिस्टन्सी, म्हणजे विकलेल्यांपैकी चालू राहिलेल्या पॉलिसींचं प्रमाण, खाली येते, आणि आजार लपवलेला असेल तर घरच्यांचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. मग त्या माणसाचा नंबर स्क्रीनवर दिसला की तू फोन उलटा ठेवतोस. एकाचा टाळलास की दहांचे टाळतोस. नूतनीकरणाची आठवण करून देणं राहून जातं, ओळखीतून येणारी नवी नावं थांबतात. तुझी कामगिरी इथे घसरली आहे, मनाच्या कमकुवतपणामुळे नाही.

ज्याचा फोन उचलायची भीती वाटेल, त्याला पॉलिसी विकू नकोस. मॅनेजर रागावेल, रागावू दे. महिनाअखेर कोरडी जाईल, जाऊ दे. ज्याचा फोन उचलायची भीती वाटेल, त्याला विकू नकोस.

मला बढती मिळाली नाही, त्याचं कारण हेच. सोबतचे पुढे गेले, मोठ्या खुर्च्यांवर बसले. मला धंदा कळला नाही असं काहीजण अजून म्हणतात. कळला होता, म्हणूनच आज माझे जुने ग्राहक स्वतःच्या मुलांना माझ्याकडे पाठवतात आणि त्या नूतनीकरणांवर माझं घर चालतं. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण मला ते सांगावंसं वाटतं. खंत एवढीच, की उत्तम बोलणारी, माणसं जोडणारी कितीतरी मुलं माझ्यासमोर हा धंदा सोडून गेली. स्वतःला नालायक समजून गेली.

तू तसा जाऊ नकोस. गेल्या वर्षाची ग्राहकयादी काढ. ज्या नावांपाशी पोटात गोळा येतो, त्यांना आधी फोन कर. फ्री-लूकची, म्हणजे नवी पॉलिसी परत करता येण्याची, मुदत शिल्लक असेल तर तो पर्याय सांग. हप्ता जड जात असेल तर वार्षिकाचा तिमाही करता येईल का बघ. लपवलेला आजार कंपनीला लेखी कळव. त्यासाठी बोलणी खावी लागली तरी चालतील. अशी किती नावं निघाली ते मला या आठवड्यात कळव. नवीन केसेसचा आकडा आत्ता कळवू नकोस.