पोस्टिंगआधी टायटर: नव्या ट्यूटरसाठी

मॅडम, विद्यार्थिनींना वॉर्डात पाठवण्याआधी त्यांचं टायटर (रक्तातल्या अँटिबॉडींची पातळी) बघायचं, पण पहिल्याच वर्षी सगळ्या आजारांच्या मागे लागू नका. आधी हिपॅटायटिस बी; वापरलेली सुई चुकून टोचायची भीती पहिल्या वॉर्डपासूनच असते. ०, १, ६ महिन्यांचे तीन डोस, शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लशीने प्रतिकारशक्ती आली का, ते सांगणारी रक्ततपासणी). १० एमआययू/एमएल किंवा जास्त आलं की झालं.

नेहमीच्या चुका:

- लॅबच्या फॉर्मवर नुसतं 'हिपॅटायटिस बी' लिहिणं. मग एचबीएसएजी होऊन येते आणि 'निगेटिव्ह' वाचून मुली खूश! अहो, ती संसर्गाची तपासणी, प्रतिकारशक्तीची नव्हे.
- 'लहानपणी सगळं घेतलंय' हे तोंडी मान्य करणं. कार्डाचा फोटो मागा, तारखा बघा.

गोवर, रुबेला, कांजिण्यांच्या दोन-दोन डोसांची नोंद असेल तर पुरे. लस द्यायची ठरली तर या जिवंत लशी, गरोदरपणात चालत नाहीत. गरोदरपणाबद्दल वर्गात नाही, एकेकीला बाजूला घेऊन विचारा. बूस्टरचं नंतर बघू.