‘भ्रूण संस्कृती’ म्हणजे काय रे भाऊ?

प्रश्न असा: एका वंध्यत्व उपचार केंद्राच्या मराठी माहितीपत्रकात ‘भ्रूण संस्कृतीच्या परिस्थितीत सुधारणा’ असं छापलंय. हे नक्की काय, आणि नीट मराठीत कसं म्हणायचं?

मूळ इंग्रजी ‘एम्ब्रियो कल्चर कंडिशन्स’ असणार. त्यातल्या ‘कल्चर’ला कोशातला पहिला अर्थ चिकटवला की असं होतं. मूळ लॅटिन शब्द जमीन कसण्याचा. मराठीने त्याची वाटणी केली: मनाच्या मशागतीला संस्कृती, जिवंत पेशी वाढवण्याला संवर्धन. जळगावकडचे केळीवाले ‘टिश्यूची रोपं’ म्हणतात, शेतीच्या पुस्तिकेत तीच ‘ऊतिसंवर्धित’ होतात. तेव्हा इथे भ्रूणसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर, लॅबमध्ये भ्रूण वाढवणं.

‘परिस्थिती’ त्याहून गमतीची. ‘आमची परिस्थिती नव्हती’ म्हटलं की आपल्याला खिसा आठवतो. त्या वाक्यातल्या भ्रूणाला बहुधा चांगली नोकरी लागली असावी! ‘वातावरण’ म्हणा. ते इथे अक्षरशः लागू पडतं, कारण सुधारणेचा मोठा भाग हवेचाच आहे. खोलीतल्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के. गर्भनलिकेत आणि गर्भाशयात त्याहून बराच कमी. म्हणून इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे भ्रूण उबेत ठेवायच्या यंत्रात, नायट्रोजन सोडून तो ५ टक्क्यांच्या आसपास आणतात. कार्बन डायऑक्साइड ५-६ टक्के ठेवतात, कारण ज्या द्रवात भ्रूण असतो त्याची आम्लता त्यावर ठरते. तापमान ३७ अंश. द्रवाचा थेंबही उघडा नसतो, वर तेलाचा थर असतो, म्हणजे पाणी उडत नाही. आत कॅमेरा असला तर बघायला सारखं दारही उघडावं लागत नाही.

इन्क्युबेटरला मात्र ‘काचेची पेटी’ म्हणू नका. ती अपुऱ्या दिवसांच्या बाळाची. ऐकणाऱ्याला धस्स होईल.

राहिला ‘भ्रूण’. शास्त्राच्या दृष्टीने बिनचूक, पण ‘स्त्रीभ्रूणहत्या’ वाचून वाचून त्याला एक काळी छटा आलीय. ‘तुमचे चार गर्भ तयार झालेत’ असं डॉक्टर जोडप्याला सांगतात, तेच बरं वाटतं. गर्भ अजून गर्भाशयाबाहेर आहे, ही हरकत मला तरी पुस्तकी वाटते. लेखात भ्रूण, समोर बसलेल्या माणसाशी गर्भ.

माहितीपत्रक जोडप्यांसाठीच आहे, तर मी एवढंच छापलं असतं: ‘लॅबमध्ये गर्भ वाढवताना हवा, ऊब आणि द्रव आम्ही आता अधिक काटेकोरपणे सांभाळतो.’