रोममधला पहिला दिवस आई-बाबांना झेपेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 66 आणि 70 वर्षांच्या आई-बाबांना ग्रुप टूरनं युरोपला न्यायचंय, सुरुवात रोमपासून आहे, आणि पहिलाच दिवस फार पळापळीचा असतो असं ऐकलंय. तर त्यांना तो झेपेल का आणि मजा येईल का?

झेपेल. आणि मजा तर इतकी येईल की पुढच्या पंधरा दिवसांत तेच पहिल्या दिवसाचं बोलत राहतील. मागच्या मे महिन्यात मी, नवरा आणि 71 वर्षांच्या माझ्या सासूबाई असे आम्ही तिघं गेलो होतो. सासूबाई वाईच्या. सगळं आयुष्य कृष्णेच्या घाटाजवळ गेलेलं, गुडघे कुरकुरणारे, आणि हा पहिलाच परदेश. ग्रुपमध्ये 38 माणसं, बहुतेक सातारा, सांगली, कोल्हापूरकडची, निम्म्याहून जास्त साठीच्या पुढची. त्यामुळं तुम्हाला पडलेला प्रश्न मलाही जाण्याआधी महिनाभर छळत होता.

आधी झोपेचं सांगते, कारण सगळा दिवस त्यावर उभा असतो. उन्हाळ्यात रोमचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागं असतं. पहाटे साडेपाचला उठणारं माणूस तिथं रात्री दोनला टक्क जागं होतं. सासूबाई दोनला उठल्या, हळूच चहाची किटली लावली आणि खिडकीशी बसून राहिल्या. याची दुसरी बाजू संध्याकाळी दिसते. तिथले साडेसहा म्हणजे आपले रात्रीचे दहा, तेव्हा ज्येष्ठांचे डोळे आपोआप मिटायला लागतात. म्हणून आई-बाबांना जे मन लावून बघायचंय ते चार-पाचच्या आत बघून घ्यायचं. बीपी-शुगरच्या गोळ्या कुठल्या वेळेला घ्यायच्या, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा.

आमचं हॉटेल शहराबाहेर होतं, गावात यायला पाऊण तास. मोठ्या बसला रोमच्या जुन्या भागात हवं तिथं थांबता येत नाही. ठरलेल्या जागी उतरवते आणि ठरलेल्या वेळी उचलते. टूर मॅनेजर वेळेसाठी इतका मागं का लागतो, हे मला तिथं गेल्यावर समजलं. युरोपात बसच्या ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, रोजच्या तासांवरही मर्यादा आहे, आणि गाडीतल्या यंत्रात त्याची नोंद होत असते. सकाळी आपण वीस मिनिटं उशीर केला तर ती कुठून तरी कापली जातात, बहुतेक शेवटच्या ठिकाणातून. आमचा टूर मॅनेजर तिशीतला मुलगा होता. त्यानं हे पहिल्याच सकाळी माइकवर नीट समजावून सांगितलं, आणि पुढं अख्ख्या टूरभर कुणी उशीर केला नाही.

पहिलं ठिकाण कलोसियम, म्हणजे रोमन काळातलं खेळांचं गोल रिंगण. तिथली तिकिटं आता नावानिशी असतात, तेव्हा पासपोर्ट जवळ लागतो. लोकल गाइड बाई आल्या, सगळ्यांच्या कानात हेडसेट अडकवले गेले. हे हेडसेट म्हणजे ज्येष्ठांसाठी वरदान आहे. गाइडच्या मागं पळावं लागत नाही, वीस पावलं मागं राहिलं तरी आवाज कानात येत राहतो. आईंचा हेडसेट मात्र तुम्ही स्वतः लावून, आवाज जुळवून द्या.

कलोसियम इ.स. 80 मध्ये सुरू झालं, पन्नास हजारांच्या आसपास माणसं बसायची, लांबी 189 मीटर, हे सगळं गाइड सांगतेच. आमच्या ग्रुपला मात्र वेड लावलं ते भिंतीवरच्या भोकांनी. बाहेरच्या दगडी भिंतीला जागोजागी मूठभर आकाराची भोकं आहेत. मला वाटलं युद्धातल्या गोळ्यांची असतील. गाइडनं सांगितलं की दगड एकमेकांना लोखंडी आकड्यांनी जोडलेले होते, आणि मध्ययुगात लोकांनी ते लोखंड उकरून काढून नेलं. आमच्यातले एक काका बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. ते भिंतीला हात लावून उभेच राहिले. म्हणाले, "आपल्याकडं सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतल्याचं सांगतात. इथं आकडे काढून नेले तरी भिंत उभी आहे, म्हणजे दगडाची बैठक किती चोख असेल बघा." दहा-बाराजण त्यांच्याभोवती गोळा झाले आणि तिथंच एक छोटा वर्ग भरला. वरच्या मजल्याचे जिने उंच आहेत. लिफ्ट आहे, पण सासूबाई खालीच थांबल्या आणि कमानींवर कोरलेले रोमन आकडे वाचत बसल्या. ते आकडे म्हणजे दरवाज्यांचे नंबर. प्रेक्षकानं आपल्या तिकिटावरच्या आकड्याप्रमाणं दार शोधायचं. आकडे लावायची पद्धत मी सांगितली, तेवढ्यावर त्यांनी बावन्नपर्यंत मजल मारली.

तिथून पुढं चालायचं असतं, आणि रोमच्या रस्त्यांवर छोटे चौकोनी काळे दगड बसवलेले असतात. ज्वालामुखीचाच दगड आहे, आपल्या सह्याद्रीतल्यासारखा काळा, पण झिजून गुळगुळीत आणि वरखाली झालेला. नवे बूट घालून नेऊ नका. महिनाभर आधीपासून वापरलेले, जाड तळाचे बूट हवेत. सासूबाईंनी साडीवर बूट घालायला आधी नाही म्हटलं होतं, पण ग्रुपमधल्या चौघीजणींनी तसेच घातलेले बघून त्या तयार झाल्या. दिवसाअखेर माझ्या फोनवर 16 हजार पावलं दिसत होती. आकडा मोठा वाटतो, पण हे चालणं सलग नसतं. थांबत, बघत, पाणी पीत होतं.

पाण्यावरून आठवलं. रोममध्ये रस्त्यारस्त्यावर लोखंडी खांबासारखे नळ आहेत, पुढं वाकडी तोटी. त्यांना नासोनी म्हणतात, म्हणजे चक्क नाकाडे! 1874 पासून बसवायला सुरुवात झाली आणि आज शहरभर अडीच हजारांच्या घरात आहेत. पाणी अखंड वाहतं, थंडगार, पिण्याजोगं, फुकट. तोटीचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या बारीक भोकातून कारंजं उडतं आणि सरळ तोंड लावून पिता येतं. गाइडनं करून दाखवल्यावर आमच्या सगळ्या काका-काकूंची रांग लागली. एका काकूंनी बोट जरा जोरात दाबलं तशी धार थेट मागच्या माणसाच्या शर्टवर गेली, आणि सकाळपासून एकमेकांशी जेमतेम "नमस्कार" म्हणणारी माणसं खदाखदा हसायला लागली. ग्रुपची ओळख माझ्या मते त्या नळावर झाली. प्रत्येकाची एक रिकामी बाटली बरोबर असू द्या. दुकानातलं पाणी विकत घ्यायची रोममध्ये गरजच नाही.

दुपारचं जेवण टूरवाल्यांकडून होतं, भारतीय हॉटेलात डाळ-भात-भाजी. ठीक होतं. कॉफी मात्र काउंटरशी उभं राहून प्या, टेबलाशी बसलात की बऱ्याच ठिकाणी दर वाढतो. आणि कॉफी घेतली की तिथलं स्वच्छतागृह वापरता येतं. ज्येष्ठांसाठी ही सोय लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता पियाझ्झा नवोना. हे मला सावकाश सांगू द्या.

लांबुळका चौक आहे, कारण मुळात तिथं रोमन सम्राट डोमिशियननं बांधलेलं धावण्याच्या शर्यतींचं मैदान होतं. मधोमध बर्निनी या शिल्पकाराचं 1651 मधलं कारंजं, चार नद्यांचं. चार खंडांच्या चार नद्या: युरोपची डॅन्यूब, आफ्रिकेची नाईल, अमेरिकेची ला प्लाता, आणि आशियाची गंगा. मी हे आधी वाचलेलं होतं, पण मुद्दाम कुणाला सांगितलं नव्हतं. गाइडनं हेडसेटमधून "गँजेस" म्हटलं आणि क्षणभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अहो, गंगा! आपली गंगा म्हणतायत त्या!" आणि सगळा ग्रुप एका बाजूला सरकला.

गंगा तिथं पुरुष आहे. दाढीवाला, धिप्पाड, हातात लांब वल्हं घेऊन खडकावर रेलून बसलेला. वल्हं अशासाठी, की या नदीतून दूरवर नावा चालतात. रोमन लोकांच्या नद्या म्हणजे पुरुषदेवता, आणि लॅटिनमध्येही गंगेचं नाव पुल्लिंगीच. आमच्या बायकांना हे अजिबात पटेना. कृष्णामाईचा उत्सव करणाऱ्या, नदीची ओटी भरणाऱ्या बायका त्या. "माई कशी दाढीवाली असेल?" एका काकूंनी गाइडला विचारलं. मी भाषांतर करून दिलं. गाइड बाई मनापासून ऐकत होत्या. आपल्याकडं नदी आई असते, तिला साडी नेसवतात, हे त्यांना नवीन होतं. त्यांनी तोंड झाकलेली नाईल दाखवली. त्या काळी नाईलचा उगम माहीत नव्हता म्हणून डोक्यावर वस्त्र. मग त्यांनी वाईच्या उत्सवाबद्दल दोन-तीन प्रश्न विचारले. सासूबाईंनी उत्तरं दिली, मी मध्ये. माझ्या सासूबाईंना परक्या माणसाशी इतकं सविस्तर बोलताना मी पहिल्यांदा बघितलं.

पुढं निघताना मोजणी झाली तर 37. एक माणूस कमी, आणि ते माणूस आमचंच. दोन मिनिटं माझ्या हातापायातलं बळ गेलं. फोन त्यांच्या पर्समध्ये होता, पण त्यात तिथलं कार्ड घातलेलं नव्हतं. टूर मॅनेजरनं ग्रुपला जागेवर थांबवलं आणि मला म्हणाला, "ताई, आपण आधी होतो तिथंच बघू." सासूबाई चौकातल्या दगडी बाकावर, गंगेच्या समोर बसल्या होत्या. हात जोडलेले, घाबरलेल्या मुळीच नाहीत. म्हणाल्या, "काशीला जायचं राहिलं बघ. तुझ्या सासऱ्यांची फार इच्छा होती. म्हटलं, इथं दोन मिनिटं बसावं." मी काही बोलले नाही, शेजारी बसले. टूर मॅनेजरही बाजूला उभा राहिला, घड्याळ न बघता.

म्हणून दोन गोष्टी कळकळीनं सांगते. आई-बाबांच्या फोनमध्ये पहिल्या दिवसापासून चालणारं कार्ड घाला, आणि त्यांच्या खिशात हॉटेलचं नाव-पत्ता आणि टूर मॅनेजरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चुकलं तर जिथं शेवटचे सगळे बरोबर होतो तिथंच बसून राहायचं, शोधायला निघायचं नाही, हे त्यांना आधीच बजावून ठेवा. सासूबाई बसून राहिल्या म्हणून आम्हाला पाच मिनिटांत सापडल्या.

पँथेऑन, म्हणजे रोमन काळातलं देऊळ, तिथून जवळच. घुमटाचा व्यास 43 मीटर, जमिनीपासूनची उंचीही तेवढीच, आणि माथ्यावर आठ-नऊ मीटरचं उघडं भोक. पाऊस थेट आत येतो, म्हणून फरशीला किंचित उतार आणि पाणी जायला छिद्रं ठेवली आहेत. ती छिद्रं शोधण्यात आमच्यातल्या दोन शाळकरी मुलांचा वेळ मजेत गेला. आम्ही गेलो तेव्हा उन्हाचा मोठा गोल कवडसा भिंतीवर पडला होता. दर्शनी भागावर अग्रिपा या रोमन सेनापतीचं नाव कोरलंय. आत्ताची इमारत नंतरच्या हेड्रियन बादशहाच्या काळातली आहे, पण त्यानं आधीच्या बांधणाऱ्याचं नाव तसंच ठेवलं.

याच अग्रिपानं इ.स.पू. 19 मध्ये शहरात जो कालवा आणला, त्याच वाटेचं पाणी आजही त्रेवीच्या कारंज्याला येतं. त्रेवीला पोचलो तेव्हा पाच वाजून गेलेले, गर्दी मुंबईच्या लोकलची आठवण करून देणारी. पर्स पुढं, पोटाशी धरायची. कारंजं 1762 मध्ये पूर्ण झालं. मधोमध उभा आहे तो समुद्रदेव ओशनस. तो बघून कोल्हापूरच्या एका आजोबांनी सांगितलं की त्यांच्याकडच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आहे, ब्रह्मपुरीत सापडलेली, रोमशी व्यापार चालायचा त्या काळातली. इथून तिकडं गेलेला देव त्यांनी लहानपणीच बघितला होता! ते सांगताना त्यांचा चेहरा बघायला हवा होता. उजव्या हातानं डाव्या खांद्यावरून नाणं टाकलं की रोमला परत येणं होतं म्हणतात. ती नाणी गोळा करून कॅरितास या संस्थेमार्फत गरिबांसाठी वापरतात, हे कळल्यावर सासूबाईंनी एकाऐवजी दोन टाकली.

बसमध्ये बसल्याबरोबर अर्धी माणसं झोपली. सासूबाई मात्र जाग्या होत्या. शेवटच्या नळावर भरलेली बाटली त्यांनी हॉटेलवर आणली आणि त्याच पाण्याचा चहा केला. किटलीच्या तळाला पांढरा थर धरला. त्या म्हणाल्या, "पाणी जड आहे, पण चवीला गोड आहे."

तुमच्या जायच्या तारखा ठरल्या की इथंच लिहा. महिना बघून कपड्यांचं सांगते, कारण दुसऱ्या दिवशी बहुतेक व्हॅटिकन असतं आणि तिथं खांदे-गुडघे झाकलेले लागतात.