नेटबॉलचा हंगाम: गुणतक्ता आणि विजेतेपद

ऑस्ट्रेलियातील 'सुपर नेटबॉल' या व्यावसायिक महिला लीगवर मागील अंकात लेख आला, त्यानंतर ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांची बरीच पत्रे आली. आठ संघ, प्रत्येक संघाचे १४ साखळी सामने आणि त्यानंतर पहिल्या चार संघांची बाद फेरी, एवढी रचना त्या लेखात सांगितली होती. एकाच आशयाची पत्रे येथे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न: सनशाइन कोस्ट लाइटनिंग हा संघ २०१८ च्या साखळीत चौथा आला आणि तरीही विजेता ठरला, असे लेखात म्हटले आहे. मग १४ सामने खेळून वरचा क्रमांक मिळवणाऱ्या संघांवर हा अन्याय नाही का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कोपरी, ठाणे पूर्व)

उत्तर: बाद फेरीची मांडणी पाहिल्यास अन्यायाचा मुद्दा बराचसा निकालात निघतो. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे संघ प्रथम एकमेकांशी खेळतात; त्यातील विजेता थेट अंतिम सामन्यात जातो आणि पराभूत संघाला आणखी एक संधी मिळते. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाच्या सामन्यात मात्र जो हरतो तो घरी जातो. आयपीएलची बाद फेरी पाहणाऱ्यांना ही रचना परिचयाची आहे. म्हणजे वरच्या दोन संघांना एक पराभव पचवण्याची मुभा असते, तर खालच्या दोघांना सलग तीन सामने जिंकावे लागतात. लाइटनिंगने २०१८ मध्ये ते तिन्ही सामने प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानांवर जिंकले आणि पर्थमध्ये, वेस्ट कोस्ट फीव्हरच्या घरच्या प्रेक्षकांसमोर, अंतिम सामना ६२–५९ असा घेतला. साखळीतील यशाचे मोल फीव्हरला मिळाले नाही असे म्हणता येणार नाही. ते घरचे मैदान आणि एक सामना कमी या रूपाने मिळाले होते, फक्त ते पुरले नाही.

त्या वर्षीचा गुणतक्ता नेमके काय मोजत होता, हेही पाहायला हवे. २०१८ आणि २०१९ या दोन हंगामांत सामना जिंकल्याचे चार गुण तर मिळतच, शिवाय जिंकलेल्या प्रत्येक क्वार्टरसाठी, म्हणजे सामन्याच्या चार भागांपैकी प्रत्येकासाठी, एक जादा गुण असे. त्यामुळे सामना हरलेला संघही दोन-तीन गुण घेऊन परतू शकत असे. अशा तक्त्यात १५ मिनिटांच्या क्वार्टरमध्ये सातत्य राखणारा संघ वर जातो. बाद फेरीत मात्र ६० मिनिटांनंतरचा फरक तेवढा विचारात घेतला जातो. दोन्ही परीक्षा वेगळ्या आहेत आणि एकीतला पहिला दुसरीतही पहिला येईलच असे नाही.

खरे कारण मात्र या खेळाच्या नियमांतच आहे. बास्केटबॉलमध्ये गुण झाल्यावर चेंडू समोरच्या संघाला मिळतो. नेटबॉलमध्ये गोल कोणीही केला तरी मधल्या वर्तुळातून खेळ सुरू करण्याचा 'सेंटर पास' दोन्ही संघांना आलटूनपालटून मिळतो. साहजिकच दोन्ही बाजूंच्या वाट्याला जवळजवळ सारख्याच संधी येतात आणि चांगले संघ आपल्या सेंटर पासचे गोलात रूपांतर बहुतेक वेळा करतातच. निकाल ठरतो तो प्रतिपक्षाच्या पाळीत हिसकावलेल्या मोजक्या चेंडूंवर. पुढील तीन अंतिम सामने पाहावेत: २०२३ मध्ये अ‍ॅडलेड थंडरबर्ड्सने न्यू साउथ वेल्स स्विफ्ट्सना जादा वेळेत ६०–५९ असे हरवले, २०२४ मध्ये त्यांनीच मेलबर्न व्हिक्सन्सवर ५९–५७ असा विजय मिळवला आणि २०२५ मध्ये व्हिक्सन्सनी फीव्हरला ५९–५८ असे नमवले. पहिला आणि चौथा यांतील अंतर या खेळात आपण समजतो तेवढे रुंद नसते.

म्हणूनच एखाद्या संघाचा हंगाम समजून घ्यायचा असेल, तर गुणतक्त्याआधी त्या संघाच्या बचावातील जोडीकडे पाहावे, असे मी सुचवेन. मैदानाचे तीन भाग असतात आणि सातही खेळाडूंनी कोठे वावरायचे हे त्यांच्या छातीवरील अक्षरांनी ठरलेले असते. प्रतिपक्ष ज्या गोलवर्तुळातून गोल करतो त्यात शिरून चेंडू अडवण्याचा अधिकार गोल डिफेन्स आणि गोलकीपर या दोघींनाच असतो, आणि त्यांनाही चेंडू हातात असलेल्या खेळाडूपासून ९० सेंटिमीटर दूर राहावे लागते. २०१७ आणि २०१८ या विजेतेपदाच्या दोन्ही हंगामांत लाइटनिंगकडे इंग्लंडची जीवा मेंटर आणि दक्षिण आफ्रिकेची कार्ला प्रिटोरियस ही जोडी होती. प्रशिक्षक होत्या नोएलिन टॉरुआ, ज्यांच्या मार्गदर्शनाखाली न्यूझीलंडने २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाला ५२–५१ असे हरवले. तेथेही फरक एकाच गोलाचा होता.

प्रश्न: फीव्हर संघाने एक हंगाम उणे १२ गुणांनी सुरू केला, हे खरे आहे का? चूक व्यवस्थापनाची आणि शिक्षा खेळाडूंना, हे योग्य वाटते का? (निवृत्त बँक कर्मचारी, ऐरोली)

उत्तर: होय, तो हंगाम २०२१ चा. २०१८ आणि २०१९ मध्ये या संघाने खेळाडूंच्या मानधनावरील मर्यादा ओलांडल्याचे चौकशीत सिद्ध झाले आणि लीगने दंडाबरोबर गुणही कापले. एका विजयाचे चार गुण धरले, तर पहिले तीन विजय केवळ शून्यावर येण्यात खर्ची पडणार होते. तरीही हा संघ त्या वर्षी पहिल्या चारांत पोहोचला.

शिक्षेबाबत माझे मत आपल्यापेक्षा थोडे वेगळे आहे. मानधनाची मर्यादा ठेवली जाते ती श्रीमंत संघाने सगळ्या उत्तम खेळाडू आपल्याकडे ओढून घेऊ नयेत म्हणून. ती मोडल्याचा लाभ मैदानावर मिळतो, तेव्हा भरपाईही मैदानावरच व्हायला हवी. नुसता आर्थिक दंड मोठ्या संघाला जड जात नाही. मात्र चूक घडली तेव्हा संघात नसलेल्या खेळाडूंनाही त्याची झळ बसली, ही आपली तक्रार रास्तच आहे आणि तिला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही.

या संघाच्या नशिबाचा हिशेबही मजेशीर आहे. त्याने २०१८ चा अंतिम सामना तीन गोलांनी गमावला, २०२० चा ६६–६४ असा दोन गोलांनी आणि २०२५ चा एका गोलाने. जिंकला तो २०२२ मध्ये, पर्थमध्येच, व्हिक्सन्सविरुद्ध ७०–५९ असा, चांगल्या ११ गोलांच्या फरकाने. १.९८ मीटर उंचीची जमैकन गोल शूटर जॅनिएल फाउलर ही या संघाची मोठी ताकद राहिली आहे.

प्रश्न: लीगमध्ये दोन गोलांचा 'सुपर शॉट' असतो. शाळेच्या संघाकडून त्याचा सराव करून घ्यावा का? (क्रीडाशिक्षिका, कोपरखैरणे)

उत्तर: नको. हा नियम या लीगने २०२० मध्ये आणला, तो सगळीकडे लागू नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांत प्रत्येक गोल एकाच गुणाचा असतो. गोलवर्तुळाची त्रिज्या ४.९ मीटर असते. वर्तुळाच्या आतच, पण कडेलगत असलेल्या १.९ मीटर पट्ट्यातून, प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या पाच मिनिटांत मारलेल्या गोलाला या लीगमध्ये दोन गुण देतात. हिशेब असा की जवळून १०० पैकी ९५ गोल होत असतील, तर लांबून ४८ झाले तरी पुरते. परंतु लांबून हुकलेला चेंडू कडीवरून उसळून बहुधा बचाव करणाऱ्यांच्या हाती पडतो, ही बाजू त्या हिशेबात येत नाही. मुलींना आधी ३.०५ मीटर उंचीच्या, मागे फळी नसलेल्या कडीत खांबाजवळून गोल करण्याची आणि तीन सेकंदांत चेंडू सोडण्याची सवय लागू द्यावी.

प्रश्न: २ नोव्हेंबर २०२५ रोजी डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना मी मुलीबरोबर पाहिला. ती शाळेच्या नेटबॉल संघात आहे. क्रिकेटप्रमाणे या खेळातही पुढे उपजीविका होऊ शकेल का? (पालक, नेरुळ)

उत्तर: केवळ खेळावर, भारतात, सध्या नाही. महिला क्रिकेटची लीग २०२३ मध्ये उभी राहिली तेव्हा क्रिकेट पाहणारा वर्ग आणि प्रक्षेपणाचा पैसा आधीपासून तयार होता. नेटबॉल ऑलिंपिकमध्ये नाही. राष्ट्रकुल स्पर्धांत तो १९९८ पासून आहे आणि २०१० च्या दिल्लीतील स्पर्धेत यजमान म्हणून भारतीय संघ खेळला होता. शालेय स्पर्धा आणि राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा हीच आपल्याकडची मुख्य वाट आहे.

परदेशातील चित्रही दुरून दिसते तेवढे सुखाचे नाही. सुपर नेटबॉलमधील खेळाडूंचा सामूहिक करार सप्टेंबर २०२३ मध्ये संपला, नवा करार लांबला आणि कित्येक आठवडे त्यांना मानधन मिळाले नाही. डिसेंबरमध्ये तोडगा निघाला, त्यात प्रायोजकत्वाच्या उत्पन्नातील वाटा हा खेळाडूंचा मुख्य आग्रह होता. त्याआधी २०२३ चा अंतिम सामना व्हिक्टोरिया राज्याशी झालेल्या आर्थिक करारामुळे मेलबर्नला गेला आणि अ‍ॅडलेड व सिडनीच्या संघांना तो तिसऱ्याच शहरात खेळावा लागला. मुलीने खेळावे, जिल्हा आणि राज्य पातळीपर्यंत जरूर जावे. शिक्षणात मात्र खंड पडू देऊ नये. त्या लीगमधील अनेक खेळाडूही शिक्षण किंवा दुसरा व्यवसाय सांभाळूनच खेळतात.

प्रश्न: सामने आपल्या वेळेनुसार केव्हा असतात? (गृहिणी, वाशी)

उत्तर: हंगाम मुख्यतः तेथील हिवाळ्यात असतो. त्या काळात सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन आपल्यापुढे साडेचार तास, अ‍ॅडलेड चार तास आणि पर्थ अडीच तास असते. तेथे संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना मेलबर्नमध्ये असेल तर आपल्याकडे दुपारचे अडीच वाजलेले असतात, अ‍ॅडलेडमध्ये असेल तर तीन आणि पर्थमध्ये असेल तर साडेचार. चार क्वार्टर आणि मधली विश्रांती धरून दीड तासाहून थोडा अधिक वेळ राखून ठेवावा.